अध्यापनाची भूमिका लिहिताना: तीन तत्त्वं की कराराची कलमं?

न्यूझीलंडमध्ये विद्यापीठात किंवा पॉलिटेक्निकमध्ये शिकवताना स्वतःची अध्यापनाची भूमिका लिहायची वेळ येते, तेव्हा १८४० मध्ये ब्रिटिश राजसत्ता (क्राउन) आणि तिथले मूळ रहिवासी माओरी यांच्यात झालेल्या वाइतांगी कराराशी तुमच्या वर्गाचा संबंध काय, हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तर मांडायच्या दोन पद्धती दिसतात.

पहिली म्हणजे भागीदारी, सहभाग आणि संरक्षण. सामाजिक धोरणावरच्या रॉयल कमिशनने १९८८ मध्ये पुढे आणलेली ही तीन तत्त्वं सगळ्यांच्या ओळखीची आहेत, त्यामुळे तासाभरात मजकूर तयार होतो. अडचणही तीच, त्यांत काहीही बसवता येतं. तासाची सुरुवात ‘किया ओरा’ या माओरी अभिवादनाने केली, स्लाइडच्या कडेला माओरी नक्षी टाकली, की झाली भागीदारी! कराराच्या उल्लंघनाच्या तक्रारी तपासणाऱ्या वाइतांगी ट्रायब्युनलने २०१९ च्या आरोग्यविषयक अहवालात ही तत्त्वं कालबाह्य ठरवली, ते उगाच नाही.

दुसरी पद्धत कराराच्या माओरी मसुद्यातली कलमं धरून चालते. पहिलं राज्यकारभाराचं, तिसरं समान हक्कांचं. खरी कसोटी दुसऱ्या कलमाची: जमिनी, वस्त्या आणि सगळ्या मौल्यवान ठेव्यांवर माओरींचा अधिकार. ज्ञान हाही असा ठेवाच.

नर्सिंगचा एक असाइनमेंट घ्या. तीन तत्त्वांवर लिहिणारा त्यात एक माओरी रुग्ण घालतो आणि पुढे सरकतो. कलमांवर लिहिणाऱ्याला विचारावं लागतं की हा रुग्ण कोणी रंगवला, स्थानिक इवीला (माओरी जमातीला) विचारलं का, त्यांच्या वेळेचं मानधन दिलं का, विद्यार्थ्याने उत्तर ‘ते रेओ’त, म्हणजे माओरी भाषेत, दिलं तर तपासणार कोण. तिसऱ्या कलमासाठी माओरी विद्यार्थ्यांचे निकाल वेगळे काढून बघावे लागतात, आणि तफावत दिसली तर आधी आपलं शिकवणं तपासावं लागतं.

‘आको’, म्हणजे शिकवणारा आणि शिकणारा दोघंही शिकतात ही धारणा, दोन्हीकडे चालते. नुसती तीच लिहून थांबू नका. कोणाकडून काय शिकलात ते लिहा.

भारतातून गेलेल्यांना वाटतं, वसाहतवाद आपण भोगलाय, आपल्याला वेगळं काय सांगायचं? पण तिथे आपला प्रवेश क्राउनने (आजच्या सरकारने) दिलेल्या व्हिसावर होतो, म्हणजे करारातली आपली बाजू ठरलेली असते. तीन तत्त्वांच्या मांडणीत हे सहज झाकलं जातं.

माझा कौल कलमांना. मात्र नवे असाल आणि अभ्यासक्रम तुमच्या हातात नसेल, तर तीन तत्त्वांवर लिहायला हरकत नाही. प्रत्येक तत्त्वाखाली तुम्ही प्रत्यक्ष बदललेली एक तरी गोष्ट नोंदवा. जिथे नोंदवायला काही सापडत नाही, ते तत्त्व गाळा.