ऑल-ग्रेन बिअरचं मशीन: अकरा महिने, तेरा खेपा आणि एक खोटारडा थर्मामीटर

घरी बिअर करायच्या मशीनमध्ये नळाचं गार पाणी भरलं, बटण दाबलं आणि स्क्रीनवर आकडा आला ११२. अंश सेल्सिअस! उघड्या भांड्यात, झाकणसुद्धा न लावता. पाणी उकळून पार पलीकडे गेलंय अशी मशीनची खात्री पटल्यामुळे त्याने हीटर बंद करून टाकला. शनिवारी सकाळी साडेसातला मी साडेचार किलो भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, पुढ्यात घेऊन बसलो होतो.

ही गोष्ट सप्टेंबरातली. मशीन आदल्या नोव्हेंबरात सेलमध्ये २८९ पौंडांना घेतलेलं, म्हणजे वॉरंटी शाबूत होती. कंपनीचं नाव घेत नाही. ३५ लिटरचं स्टीलचं पिंप, आत जाळीची बादली, बुडाला हीटर, बाजूला पंप, असं ते मशीन. ऑल-ग्रेन म्हणजे तयार अर्क न वापरता थेट धान्यापासून केलेली बिअर. कंपनीने आधी बिल मागितलं, मग व्हिडिओ मागितला, मग तोच व्हिडिओ 'जरा उजेडात' काढून मागितला. शेवटी विचारलं, तुमच्याकडचं पाणी कसं आहे? मी राहतो इंग्लंडात रेडिंगला. इथलं पाणी खडूच्या थरांमधून येतं, चहाच्या किटलीत महिन्याभरात पांढरी पुटं चढतात. ते मी प्रामाणिकपणे लिहिलं आणि तिथेच फसलो. उत्तर आलं, क्षार साठून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

अहो, पण तापमान मोजणारा सेन्सर बुडाच्या खाली आहे! बाहेरच्या अंगाला! पाणी त्याला कधी शिवतसुद्धा नाही, मग क्षार कुठून चढणार? पिंप उलटं करून फोटो काढले, लाल बाण काढून दाखवले. तीन आठवड्यांनी सेन्सर फुकट द्यायला तयार झाले, पण टपालखर्च ६ पौंड ९५ पेन्स माझ्याकडून घेतला. नखाएवढा तो सेन्सर, साध्या पाकिटात आला. त्या पाकिटावरचं तिकीट मी अजून जपून ठेवलंय. ६.९५ चं नव्हतं ते.

खरं सांगायचं तर तो सेन्सर मेल्याचं मला फारसं सुतक नव्हतं. जिवंत होता तेव्हाही तो खोटंच बोलायचा.

पहिल्या चार खेपांना मी एकच साधी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, केली. वीस लिटरसाठी ४.५ किलो मॅरिस ऑटर माल्ट, ३०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट, तासाभराच्या उकळीला मॅग्नम जातीचे थोडे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, शेवटच्या दहा मिनिटांत आणि गॅस बंद केल्यावर कॅस्केड जातीचे. (गॅस म्हणजे सवयीने. बटण.) यीस्ट यूएस-०५ चं साडेअकरा ग्रॅमचं पाकीट. मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवणं, ६७ अंशांवर एक तास. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, १.०४८ आली, अगदी हवी तशी. यीस्ट साखर खातं तसा हा आकडा उतरतो. दोन आठवड्यांनी ती मोजणारा हायड्रोमीटर बुडवला तर १.००६! यायला हवी होती १.०११-१२ च्या आसपास. म्हणजे दारू साडेपाच टक्के आणि चव ताकाच्या निवळीसारखी. कडवटपणा आहे, वास छान आहे, पण घोटाला अंगच नाही. मी हॉप्स बदलले, पाण्यात लॅक्टिक ॲसिड टाकून पाहिलं, यीस्टला शिव्या घातल्या. आकडा ६७ दाखवतोय म्हटल्यावर मॅशवर शंका घ्यायचं कारणच काय?

जूनमध्ये बाबा आले. शिरोळ तालुक्यातले, माळकरी, आयुष्यात थेंब घेतलेला नाही. 'ह्ये घरात करतोस, पोलीस येत न्हाईत?' हा त्यांचा पहिला प्रश्न. मी सांगितलं, इथे १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने विनापरवाना चालत नाही, त्यामुळे वाचकांनी हे वाचून पुण्याच्या गॅलरीत पिंप मांडू नये. बाबांनी हातातली पिशवी ठेवली आणि पिंपाशी येऊन उभे राहिले. लहानपणापासून गुऱ्हाळावर वावरलेला माणूस, मोठ्या भांड्यात काही तापतंय म्हटल्यावर लांब कसा राहणार!

'आकडा कुठला दावतंय?'

'आतला, बाबा. ६७.'

'त्येचा काटा कुठं बसवलाय?'

'बुडाला.'

'मग बुडाचं सांगतंय की रं. मधलं कोण सांगनार? काहिलीत गुळव्या बुडाकडं बघून गूळ उतरवतो व्हय?'

चार खेपा, ऐंशी लिटर, आणि हे मला सुचलं नव्हतं! नऊ पौंडांचा स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर आणून माल्टच्या मधोमध खुपसला. ६३. वरच्या थरात ६२. बुडाला हीटर, हीटरशेजारी सेन्सर. तो स्वतःचीच ऊब मोजत बसलेला, आणि वर पाच किलो ओल्या माल्टचा गोळा आपल्याच गारव्यात. चार अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण ६३ च्या आसपास माल्टमधल्या बीटा अमायलेज या एन्झाइमचं राज्य असतं, ते पिठूळ साखळ्यांचे बारीक तुकडे करतं आणि यीस्ट ते सगळे खाऊन टाकतं. ६७-६८ ला अल्फा अमायलेज जोरात असतं, ते यीस्टला न पचणारे मोठे तुकडे मागे ठेवतं, आणि घोटाला अंग येतं ते त्यांच्यामुळे. माझी निवळी तिथून आली होती.

कंपनीला कळवलं, तर म्हणे मेन्यूत जाऊन चार अंशांची दुरुस्ती भरा. भरली. मग उकळी फुटली तेव्हा स्क्रीनवर ९६! उकळताना सगळं घुसळून निघतं, तिथे फरक उरतच नाही. फरक फक्त मॅशमध्ये असतो, तोही हीटर चालू झाला की वाढतो, बंद झाला की घटतो. पंप जोरात चालवला तर कमी होतो, पण मग पंपात फोलपटं अडकतात. हलत्या चुकीला ठरावीक दुरुस्ती कशी पुरणार?

असो. त्याच दिवशी उकळी वर आली तसा तपकिरी फेस चढला. बाबांनी माझ्या हातातून झारा घेतला. 'मळी हाय, काढाय पायजे.' मी शेवटच्या पंधरा मिनिटांत क्लिअरिंगची गोळी टाकली, समुद्री शेवाळापासून केलेली असते ती. तेव्हा ते म्हणाले, आमच्याकडं भेंडीचं पाणी घालतात. बिअरमध्ये भेंडी घालायची हिंमत माझी अजून झालेली नाही. पण ती खेप १.०११ वर थांबली. बाबांनी चव घेतली नाही, ग्लास उजेडाला धरून पाहिला आणि 'निवळलंय चांगलं' म्हणाले.

सहावी ते दहावी खेप मी स्क्रीनवर ७१ लावून, मधोमध थर्मामीटर खुपसून काढली. आल्या बऱ्या, पण कधी १.००९, कधी १.०१३. इथपर्यंत माझं मत असं होतं की मशीन चांगलं, सेन्सर टाकाऊ, जुळवून घ्या.

ते मत बदललं ११२ अंशांच्या शनिवारी. भरडलेलं माल्ट फार दिवस ठेवून शिळं करायचं नाही, आणि फेकायचं तर मुळीच नाही, पैसे पडलेत त्याला. मग सव्वादोन किलो घेतलं, घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, गणपतीच्या महाप्रसादाला आमटी होते तेच, आणि चौदा लिटर पाणी शेगडीवर ७० पर्यंत तापवलं. माल्ट कापडी पिशवीत भरून आत सोडलं, पारा ६७ वर बसला. झाकण ठेवलं, शेगडी बंद केली आणि आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी पातेल्याला गुंडाळली. बायको म्हणाली, 'अरे, ती बाळाच्या अंगावर घालायची म्हणून आणली होती ना?' बाळ आता सहावीत आहे.

तासाने गोधडी सोडली. ६५.५.

दीड अंश! ना सेन्सर, ना पंप, ना मेन्यू. पिशवी चक्क्यासारखी वर टांगून निथळू दिली, उकळलं, सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात पातेलं बुडवून निववलं. दहा लिटरची ती खेप १.०१२ वर थांबली आणि आजवरच्या सगळ्यांत सरस निघाली. शेजारचे आजोबा तीनदा ग्लास भरून घेऊन गेले, चौथ्यांदा रिकामी बाटली घेऊन आले.

मग मशीनला काय ओवाळायचं का, असं वाटून मी ते विकायची जाहिरातसुद्धा लिहायला घेतली. पण बाराव्या खेपेला पुन्हा पातेल्यावर काम केलं आणि कंबरेने उत्तर दिलं. निथळायला पाच किलोची ओली पिशवी हाताने धरून उभं राहणं, स्वयंपाकघरभर वाफ, शेगडीवर उतू गेलेलं चिकट वॉर्ट, म्हणजे माल्टचा गोड रस, आणि एवढं करून दहाच लिटर. मशीनला उकळी सांभाळता येते, बादली कडेवर अडकवून ठेवता येते, आणि गार पाणी फिरवणारी कॉपरची कॉइल आत सोडली की २५ मिनिटांत सगळं वीस अंशांवर येतं. कॉइलमधून बाहेर पडणारं पाणी मी बादल्यांत धरतो. पहिल्या दोन बादल्या कढत असतात, त्यात भांडी होतात.

खर्चाचं विचाराल तर माल्ट, हॉप्स, यीस्ट मिळून २१ पौंड, वीज साधारण पाच युनिट. हाताशी अर्ध्या लिटरच्या ३८ बाटल्या येतात, म्हणजे बाटली ६० पेन्सच्या आत. दुकानात तशीच बाटली दोन पौंडांच्या आसपास. या हिशेबाने मशीन सहाव्या खेपेला फिटलं. बायकोच्या मते पहिल्या चार खेपा धरायच्या नाहीत, तेव्हा दहाव्या. चोथ्याची थालीपिठं केली होती, एकदाच. फोलपटं दातांत दोन दिवस होती. आता चोथा आजोबांच्या कोंबड्यांना जातो आणि बदल्यात अंडी येतात, ती मी हिशेबात धरलेली नाहीत.

नवा सेन्सर बसवून तेरावी खेप केली. तोही तीन अंशांनी खोटा. आता मी मॅशपुरतं मशीन बंदच करतो. माल्ट पडलं की प्लग भिंतीतून काढतो, पिंपाला गोधडी गुंडाळतो आणि वरून नाडीने बांधतो. गोधडी पातेल्याच्या मापाची असल्यामुळे पिंपाला खालून वीतभर अपुरी पडते. आईला फोन करून सांगितलंय, येताना दुसरी घेऊन ये. कशाला हवी ते सांगितलेलं नाही.