दहा महिने, 3,400 किलोमीटर: सह्याद्रीचे शांत घाट, टूरिंग सायकल आणि तिचे ब्रेक

ब्रेक पॅड, म्हणजे चाकाच्या डिस्कला (स्टीलच्या चकतीला) दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या छोट्या पट्ट्या, संपलेत हे मला तापोळ्याच्या उतारावर कळलं. सप्टेंबरचा शेवटचा मंगळवार. महाबळेश्वरहून सकाळी साडेसातला निघाले तेव्हा धुकं होतं आणि बारीक पाऊस लागला होता. दहाव्या किलोमीटरच्या आसपास मागच्या ब्रेकचा लिव्हर थेट हँडलला टेकला. पुढचाही अर्ध्याच्या खाली आला होता. बॅरल ॲडजस्टर (ब्रेकची वायर ताणायचा छोटा स्क्रू) फिरेल तेवढा फिरवला, वायर ताणून घेतली. दोन वळणं बरी गेली, तिसऱ्याला परत तेच. मग उतरले आणि पुढचे सहा-सात किलोमीटर चालत गेले. सामानासकट 28 किलोची सायकल उताराला हातातून निसटायला बघते आणि मनगटं दिवसभर दुखत राहतात.

एका घराच्या पडवीत थांबून मागचं चाक काढलं. कॅलिपरमधून (पॅड बसतात त्या चिमट्यातून) काळपट लाल चिखलाचा लगदा निघाला. बोटांवर चोळला तर बारीक वाळूसारखा कचकचत होता. एका पॅडवर मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, कागदाएवढा उरला होता, दुसऱ्यावर लोखंडी पत्रा दिसायला लागला होता. हे पॅड मी ऑगस्टमध्येच नवे टाकले होते. 340 किलोमीटरही झाले नव्हते!

सायकलचे सगळे स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही. पन्नास हजारांच्या आतली, स्टीलच्या फ्रेमची, मेकॅनिकल डिस्कची (वायरने ओढल्या जाणाऱ्या डिस्क ब्रेकची) टूरिंग सायकल म्हटलं की पुरे. मार्चमध्ये घेतली. पहिल्या तीन महिन्यांत माझी तक्रार गिअरची होती, ब्रेकचं नावही मी काढत नव्हते. पुढे 26 दात, मागे 34, आणि तरी पाबे घाटात खानापूरच्या बाजूने चढताना मी दोनदा पाय टेकले. मागची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) बदलायचे पैसेही बाजूला काढले होते.

ते पैसे वाचले. 26 ला 34 म्हणजे मिनिटाला साठ पेडल मारले तर ताशी सहा किलोमीटर. त्याहून हळू गेलं की सायकल झोकांड्या खाते, म्हणून अजून हलका गिअर घेऊन फार काही साधणार नव्हतं. पाय तयार व्हायला दोन महिने लागले. जूनमध्ये तोच पाबे घाट न थांबता चढले. वर आल्यावर तोरणा आणि राजगड एका नजरेत येतात, आणि पहाटे साडेसहाला तिथे दुसरं कोणीही नसतं. गिअरबद्दलचं माझं मत तिथेच बदललं. घाटात चढाला वेळ लागतो, पण जीव ब्रेकवर असतो.

याचा हिशोब मी नंतर घरी बसून केला. महाबळेश्वर ते तापोळा उतार सहाशे मीटरहून जास्त आहे. माझ्यासकट एकूण वजन साधारण 95 किलो. एवढं वजन 650 मीटर खाली आणताना जी उष्णता तयार होते तिच्यात जवळजवळ दोन लिटर पाणी उकळीला येईल. सरळ, मोकळ्या रस्त्यावर यातला बराच भार वारा घेतो. वळणावळणाच्या, खडी सुटलेल्या रस्त्यावर मात्र आपण ताशी पंधराने उतरतो, आणि मग सगळा भार नखाएवढ्या चार पॅडवर येतो. त्यातून मी घाबरून दोन्ही ब्रेक सतत अर्धे दाबून धरले होते, ती चूक माझी. आता वळणाच्या आधी ठाम दाबते आणि पूर्ण सोडते, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो.

पण उरलेला दोष त्या कचकचणाऱ्या लगद्याचा आहे, आणि तो आपल्या डोंगरातूनच येतो. सह्याद्री हा लाव्ह्याचा डोंगर आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेला, म्हणून आपले घाट एकसारखे चढत नाहीत. खडा चढ, मग थोडी सपाटी, मग परत खडा चढ. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात झिजून झालेल्या मातीचे लाल पट्टे रस्त्याच्या कापात सहज दिसतात. वर महाबळेश्वर, पाचगणी, कासला जांभ्याची टोपी. पावसात ही लाल माती वाहून रस्त्यावर येते, तिच्यात डांबरातून सुटलेल्या काळ्या दगडाची कच मिसळते, आणि चाकाबरोबर ती डिस्कवर उडते. ओल्या रेझिन पॅडला (राळेत बांधलेल्या मऊ मसाल्याच्या पॅडला) ती अक्षरशः किसून काढते. माझे पहिले पॅड पाच महिने टिकले होते, त्यातले निम्म्याहून जास्त दिवस कोरडे. भर पावसात टाकलेले दुसरे दीड महिना.

आता दुकानाचं. नाव लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही. परत आल्यावर मी स्वच्छ शब्दांत सांगितलं की मला घाटासाठी मेटल पॅड (धातूची भुकटी असलेल्या कडक मसाल्याचे) हवेत. "टाकून देतो मॅडम, अर्धा तास लागेल." पॅडचे बाराशे आणि मजुरीचे दोनशे घेतले. तीन आठवड्यांत मागच्या डिस्कवर नखाला लागतील अशा चरा पडल्या आणि ब्रेक लावला की सायकल किंचाळायला लागली. डिस्क काढून पुसली तेव्हा आतल्या बाजूला कोरलेली बारीक अक्षरं दिसली: रेझिन पॅड ओन्ली. म्हणजे या डिस्कचं स्टील मऊ, तिला मेटल पॅड चालतच नाहीत. ज्याने पॅड बसवले त्याने डिस्क हातात धरली होती, अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोर होती. मी परत गेले तर उत्तर मिळालं, "डिस्क कन्झ्युमेबल असते, वॉरंटीत येत नाही." पॅड झिजणारच, ते मला मान्य आहे. चुकीचे पॅड लावून खराब केलेली डिस्क माझ्या खर्चात का? तीन फेऱ्या मारल्या, आवाज चढला, शेवटी मजुरीचे दोनशे तेवढे परत मिळाले. मेटल पॅड चालणाऱ्या दोन डिस्क मी दुसरीकडून घेतल्या, अठराशेला. टी-25 ची (चांदणीसारख्या टोकाची) चावी आणून सहा-सहा बोल्ट घरीच बसवले.

तेव्हा अशी सायकल घेणाऱ्यांनो, आधी डिस्क पुसा आणि वाचा. आणि मेकॅनिकल डिस्कमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर असतो. वायर ताणून फक्त हलणारा जवळ येतो. जागेवरचा पॅड आतल्या बाजूच्या स्क्रूने पुढे आणावा लागतो, माझ्या कॅलिपरला पाच नंबरची ॲलन की (षटकोनी चावी) लागते. हे मला माहीत असतं तर तापोळ्याला निदान काही वळणं वाचली असती. मसाला अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बदलायचे. नवे पॅड टाकल्यावर सपाट रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेग घेऊन ब्रेक दाबायचा, म्हणजे ते नीट बसतात.

त्या दिवशी तापोळ्याला पोचले तेव्हा हा रस्ता परत नाही असं ठरवलं होतं. लाँचवाल्या दादांनी सायकलकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, आडवी टाका, मी बांधतो. पलीकडं चढ हाय, तिथं बिरेक लागत न्हाई." शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी काठोकाठ होतं, इंजिन बंद केल्यावर फक्त पाण्याचा आवाज. बामणोलीला उतरले आणि कासपर्यंत पाचशे मीटरच्या वर चढले, तोच 26-34 घेऊन. कासचं पठार तेव्हा फुललं होतं. कातळावर मातीचा थर इतका पातळ की मोठं झाड धरत नाही, म्हणून बोटभर उंचीची फुलंच फुलं. मंगळवार असल्याने गर्दी बेताची होती. शनिवार-रविवारी फुलांच्या दिवसांत सायकलवर इथे येऊ नका, साताऱ्यापासून गाड्यांची रांग असते.

आज मला एकच रस्ता निवडायला सांगितला तर महाबळेश्वर, तापोळा, लाँच, बामणोली, कास, सातारा हाच निवडेन. नोव्हेंबरात बुधवारी परत केला. महाबळेश्वरची वस्ती सोडल्यापासून तापोळ्यापर्यंत मोजून 11 वाहनं भेटली. ताम्हिणी मात्र मी सोडून दिला. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तिथे गाण्यांच्या आवाजात धबधबा ऐकू येत नाही. ज्यांना ताम्हिणी आवडतो त्यांनी थंडीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं. भोरहून नीरा-देवघरच्या पाण्याकाठून वरंध घाट हा दुसरा आवडता. वाघजाईपाशी भजी आणि चहा मिळतो, माकडांपासून पिशव्या सांभाळा. पावसाळ्यात हा घाट बंद ठेवतात, निघण्याआधी भोरमध्ये विचारून घ्या.

नव्या डिस्कची खरी परीक्षा डिसेंबरात आंबेनळीत झाली. महाबळेश्वर ते पोलादपूर, 1,200 मीटरहून जास्त उतार, आणि एका बाजूला लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले. प्रतापगडचा फाटा मागे पडल्यावर रस्ता रिकामा झाला. दोनदा थांबले, ब्रेकसाठी नाही, सावित्रीचं खोरं बघायला. पोलादपूरला एका टपरीबाहेर चाक काढून पॅड मोजले. सकाळी 1.8 मिलिमीटर होते, आता 1.7. डिस्कवर एकही चर नव्हती. चाक परत बसवलं, चहा घेतला आणि महाडच्या दिशेला लागले.