योग थेरपीच्या प्रशिक्षणात माझे ८३,३९९ रुपये गेले, तुम्ही तरी सावध व्हा

आधी आकडा सांगते, तो लपवून आता काही उपयोग नाही. वेबिनारचे ९९ रुपये, नावनोंदणीचे २,१००, फीचा पहिला हप्ता २५,०००, दुसरा २३,५००, ‘रुग्ण तपासणी किट’चे ७,८००, परीक्षेचे ६,५०० आणि जे शिबिर कधी झालंच नाही त्याचे १८,४००. एकूण ८३,३९९. घरात ह्यांना सगळं माहीत आहे. सासूबाईंना अजून सांगायचा धीर झालेला नाही.

मी अकरा वर्षं योगवर्ग घेते. सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळच्या दोन बॅचेस असतात. सुरुवातीला तरुण मुली यायच्या, वजन कमी करायला. आता निम्मे लोक दुखणं घेऊन येतात. कुणाचे गुडघे, कुणाचं बीपी, कुणाची शुगर, कुणाची चकती सरकलेली. डॉक्टरांनी “योगा करा” एवढंच सांगून पाठवलेलं असतं. धडधाकट माणसाला सूर्यनमस्कार शिकवणं वेगळं आणि अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला प्राणायाम देणं वेगळं. आपल्या हातून कुणाचं काही बिघडेल याची मला मनापासून भीती वाटायची, म्हणून नीट शिकायचं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण ज्याला सांगावं तो पहिलं हेच म्हणतो, “झटपट सर्टिफिकेट हवं असेल तुम्हाला.” नाही. मला शिकायचं होतं.

या प्रशिक्षणाची जाहिरात आली २०२५च्या योग दिनाच्या आठवड्यात. याच आठवड्यात अशा जाहिरातींचा पूर येतो, ते तुम्हालाही माहीत आहे. २२ जूनला रविवारी संध्याकाळी वेबिनार झाला. पडद्यावर स्वामी कुवलयानंदांचा फोटो, अय्यंगार गुरुजींचा फोटो, मागे तंबोरा. बोलणारे गृहस्थ उत्तम मराठी बोलत होते. “तुम्ही नुसत्या आसनं शिकवणाऱ्या नाही, तुम्ही उपचार करणाऱ्या आहात. तुम्हाला कुणी हे सांगितलंच नाही.” हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांत माझ्या कामाबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. शेवटी नेहमीचंच: फी ८५,०००, आज रात्री बारापर्यंत ४८,५००, फक्त ४० जागा.

माहितीपत्रकावर शिक्क्यांची रांग होती. आयएसओ ९००१, एमएसएमई, नीती आयोग दर्पण, शिवाय ‘योगा अलायन्स मान्यताप्राप्त योग थेरपिस्ट’. मी ते पाहून निश्चिंत झाले. आज एकेक शिक्का काय आहे ते समजून घेतल्यावर संताप होतो. एमएसएमई म्हणजे लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी. ती कोणताही व्यावसायिक आधार कार्डावर घरबसल्या, फुकट करतो. दर्पण हे स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं पोर्टल आहे. आयएसओ ९००१ कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं. तुमच्या अभ्यासक्रमात काय शिकवतात याच्याशी यातल्या एकाचाही संबंध नाही. आणि योगा अलायन्स ही अमेरिकेतली नोंदणी करणारी संस्था. तिनंच २०१६ मध्ये आपल्या सभासदांना योग थेरपी हा शब्द तिच्या नोंदणीला जोडून वापरू नका म्हणून सांगितलं. म्हणजे ती ओळच खोटी होती, आणि पाच मिनिटं शोधलं असतं तर मला कळलं असतं.

पहिला हप्ता त्याच रात्री पावणेबाराला भरला. यूपीआयवर नाव आलं ते संस्थेचं नव्हतं, कुठल्यातरी ट्रेडर्सचं होतं. विचारलं तर म्हणे, “आमचं खातं अपग्रेड होतंय.” पैसे पाठवताना पडद्यावर दिसणारं नाव वेगळं असेल तर तिथेच हात आखडा. कारण काहीही सांगोत.

दुसरा हप्ता ऑगस्टमध्ये द्यायचा होता. पण १० जुलैला गुरुपौर्णिमा होती. “गुरुपौर्णिमेच्या आत जे भरतील त्यांना आमच्या गुरुजींच्या हस्ते अनुग्रह.” मी ९ तारखेला भरला. वर्ग चालू होऊन तेव्हा एकच रविवार झाला होता.

आता तो क्षण, जो मला रोज रात्री छळतो.

तिसरा रविवार, २० जुलै. वर्ग ऑनलाइन, तीन तासांचा असायचा, त्यातला निम्मा वेळ ‘प्रेरणा सत्र’. कुणीतरी रडत आपला अनुभव सांगायचं, मग टाळ्या, मग डोळे मिटून संकल्प. त्या दिवशी कंबरदुखीचं प्रकरण होतं. पीडीएफमध्ये एका ओळीत लिहिलं होतं: ‘कंबरदुखी, सायटिका – पश्चिमोत्तानासन, हलासन, प्रत्येकी ३ मिनिटे.’ दोन्ही पुढे वाकायची आसनं. मी ती ओळ दोनदा वाचली. चकती मागे सरकून नस दाबली गेली असेल तर पुढे वाकल्यानं दाब वाढतो, हे साध्या योगशिक्षकालाही माहीत असतं. माझ्याच वर्गात तेव्हा एक काका होते, एकसष्ट वर्षांचे, डाव्या पायात घोट्यापर्यंत कळ जायची. त्यांना तीन मिनिटं हलासनात ठेवलं तर काय होईल?

मी चॅटमध्ये लिहिलं, “चकती सरकलेल्या रुग्णाला पुढे वाकणारी आसनं कशी द्यायची? आधी काय तपासायचं?” दहा सेकंदांत उत्तर आलं, “ताई, नकारात्मक प्रश्न ग्रुपमध्ये नकोत. आधी श्रद्धा, मग शास्त्र.” आणि चॅट बंद झालं. गुरुजी पडद्यावर हसून म्हणाले, “ज्यांच्या मनात शंका आहे त्यांच्या हातात शक्ती येत नाही.” दोनशेच्या वर लोक होते. सगळ्यांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या.

आणि मीही पाठवली.

मला उत्तर माहीत होतं. ते चूक शिकवताहेत हे मला त्या क्षणी, त्याच खुर्चीत बसून कळलं होतं. तरी मी हात जोडले, कारण आपल्याकडे गुरूला उलट विचारायचं नसतं हे लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे. त्यांनी नेमकं तेच वापरलं. पुढच्याच पानावर ‘डोळ्यांचे विकार – शीर्षासन’ असं होतं. काचबिंदूचा उल्लेखसुद्धा नाही! उलट्या आसनांत डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदूच्या माणसाची उरलीसुरली नजर जाऊ शकते. मी पान उलटलं आणि पुढे गेले. त्या दिवशी लॅपटॉप मिटला असता तर गेलेले ५०,६९९ गेले असते, पण पुढचे ३२,७०० वाचले असते.

पुढचे का दिले? एवढे भरलेत, आता मधेच सोडून काय हाती लागणार, हा एकच हिशोब डोक्यात होता. आणि शिबिरात इस्पितळात प्रत्यक्ष रुग्ण पाहायला मिळतील असं सांगितलं होतं, मला तेच हवं होतं. किटमध्ये काय आलं? एक गोनिओमीटर, प्लास्टिकचा, एक रबरी पट्टा आणि छापील फॉर्मचं पॅड. गोनिओमीटर म्हणजे सांधा किती वाकतो ते मोजायची अंशांची पट्टी. ती कशी लावायची हे बारा आठवड्यांत एकदाही कुणी दाखवलं नाही.

परीक्षा म्हणजे गूगल फॉर्मवर ३० प्रश्न. पाच मिनिटांत निकाल, ९७ टक्के. लगेच प्रमाणपत्र. सोनेरी कडा, सिंहांसारखं काहीतरी चिन्ह, खाली क्यूआर कोड. थेरप्युटिकच्या स्पेलिंगमधला एक ई गाळलेला. मी ते लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं होतं.

ऑक्टोबरमध्ये एका इस्पितळाच्या फिजिओथेरपी विभागाला योगशिक्षिका हवी होती, तिथे ते घेऊन गेले. समोर पंचविशीची मुलगी बसली होती. तिनं मोबाइलवर कोड स्कॅन केला, पडदा माझ्याकडे वळवला आणि हळूच म्हणाली, “मॅडम, हे त्यांच्याच वेबसाइटवर उघडतंय. योगा सर्टिफिकेशन बोर्डाच्या यादीत ही संस्था आहे का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं पाणी दिलं. ती चांगली वागली, म्हणून जास्तच लाज वाटली.

घरी येऊन यादी पाहिली. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतलं हे मंडळ २०१८ पासून आहे. त्यांची थेरपीची वेगळी पातळी आहे, आणि सगळ्यांत खालच्या सहायक योग थेरपिस्टलाच ८०० तासांचं प्रशिक्षण लागतं. माझे तास झाले ३६, त्यातले अर्धे टाळ्यांचे. पैसे भरायच्या आधी ही यादी पाहा. त्यांनी पाठवलेल्या लिंकवर नाही, स्वतः शोधून. आणि तास मोजा. बारा रविवारांत कुणी थेरपिस्ट होत नाही.

शिबिर आधी कोजागरीनंतर होणार होतं, मग दिवाळीनंतर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ग्रुप नाहीसा झाला. पावतीवरच्या पत्त्यावर ठाण्याला गेले तर तिथे झेरॉक्सचं दुकान. दुकानदार म्हणाला, “तुम्ही चौथ्या.” पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, हेही मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

यानंतर जे झालं त्याचा राग मला त्या गुरुजींपेक्षा जास्त आहे. ते तर चोरच होते. पण पोलीस ठाण्यात मला काय ऐकवलं? “बारा आठवडे क्लास झाला ना मॅडम? मग फसवणूक कुठली? हे सिव्हिल मॅटर आहे.” मी म्हटलं, खोटी मान्यता दाखवून पैसे घेतले, आधी याला ४२० म्हणायचे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. साहेब म्हणाले, “कायदा आम्हाला शिकवू नका, सायबरला जा.” सायबरवाल्यांनी विचारलं, “ओटीपी दिला होता का? लिंक दाबली होती का? नाही? मग हे आमच्याकडे येत नाही, तुमच्या ठाण्याला जा.” परत ठाण्यात गेले, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेले, अर्ज सापडत नाही. चौथ्यांदा गेले तेव्हा एक हवालदार मला समजावत होता, “ताई, योगा शिकवता ना? मन शांत ठेवा.” मी बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत रडू आवरलं.

बँक म्हणते, व्यवहार तुम्ही स्वतः केलात. ज्या कार्यालयाकडं मान्यतेचा विषय असतो तिथे तीन मेल केले. उत्तर आलं सतरा दिवसांनी, दोन ओळींचं: संबंधित संस्था आमच्या यादीत नाही, त्यामुळे कारवाई आमच्या कक्षेत येत नाही. अहो, यादीत नसताना मान्यता दाखवली हीच तर माझी तक्रार आहे! ज्यानं नियमानं नोंदणी केली त्याच्यावर तुमचा अंकुश, आणि ज्यानं केलीच नाही तो मोकळा? मग माझ्यासारखीनं जायचं कुठे? लोणावळ्यात १९२४ मध्ये कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं ते योगाचा प्रत्येक दावा प्रयोगशाळेत तपासून पाहायला. शंभर वर्षांनी त्यांचा फोटो लावून कुणीही काहीही विकतो आणि त्याला विचारणारं एकही टेबल सापडत नाही.

पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी आठवडाभर लाजेनं गप्प बसले, तोवर खातं रिकामं झालेलं असतं. ठाण्यात अर्ज दिलात तर प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. “आमच्या हद्दीत नाही” म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. ग्रुपचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. माझ्याकडे त्या २० जुलैच्या चॅटचा आहे, तो चुकून काढला गेला म्हणून.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, वकीलही लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्यांना पाठवलेली नोटीस ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ या शेऱ्यासह परत आली. ट्रेडर्सच्या खात्याचा पत्ता बँकेकडून मागवावा असा अर्ज मी हातानं लिहून दिला आहे.

आमच्या तुकडीतल्या आठ जणी आतापर्यंत सापडल्या. दोघींनी दागिने मोडून फी भरली होती. एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली. तुम्ही त्या रविवारच्या वर्गात असाल, गुरुपौर्णिमेला हप्ता भरला असेल, तर लाजू नका, पावत्या घेऊन पुढे या. काकांना मी त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. हलासन त्यांना दिलं नाही. हॉलमधलं प्रमाणपत्र काढून आयोगाच्या फायलीत लावलं आहे, पुरावा क्रमांक सहा.