मशीन खरं, केस खरी, काटे मात्र दुसऱ्याचे

जुनं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, घेताना माणूस मागचं झाकण उघडायला लावतो, मशीनवरचा नंबर बघतो, झाकणाच्या आतला नंबर बघतो आणि निश्चिंत होतो. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. काट्यांवर नंबर नसतो. म्हणून अस्सल घड्याळाचे काटे काढून वेगळे विकायचे, त्या जागी पुढच्या काळातले बसवायचे आणि घड्याळ ‘सगळं ओरिजिनल’ म्हणून पुऱ्या भावात खपवायचं, हा डाव फार चालतो.

ओमेगा स्पीडमास्टरच घ्या. १९५७च्या सीके २९१५ या मॉडेलवर तास काटा रुंद बाणाचा होता. १९५९च्या सीके २९९८ वर निमुळते अल्फा काटे आले आणि पुढे १०५.००३ वर पांढरे, सरळ पट्टीचे. पण कंपनीने रुंद बाणाचे काटे नंतरच्या घड्याळांसाठीही बनवले आहेत. त्यामुळे आकार जुळला म्हणून काटा त्या काळातला ठरत नाही. खरी परीक्षा चमकीची, म्हणजे काट्यांवर आणि डायलच्या ठिपक्यांवर भरलेल्या, अंधारात चमकणाऱ्या रंगाची.

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या सगळ्यालाच ‘रेडियम’ म्हणतात आणि विकणाऱ्याला हा गोंधळ सोयीचा पडतो. खरं रेडियम १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होतं, मग ट्रिटियम आलं. डायलच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना टी अक्षर असतं ते त्याचंच. उजेड शोषून चमकणारं सुपर-ल्युमिनोव्हा आलं ते १९९०च्या दशकात. ट्रिटियम दर सव्वाबारा वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे साठ वर्षांत जेमतेम तिसावा हिस्सा उरतो. अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च दहा सेकंद मारा आणि बंद करा. जुनं ट्रिटियम चमकलंच तर काही सेकंदांत विझतं. डायलचे ठिपके विझले आणि काटे मिनिटभरानंतरही हिरवे लखलखत असले, तर काट्यांवरची चमकी १९६०च्या दशकातली नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. न चमकणाऱ्या रंगात तपकिरी मिसळून भरलेले काटेही मिळतात आणि ते या परीक्षेत पास होतात. त्यांना दहापट भिंगाखाली धरा. जुना थर कोरडा, दाणेदार असतो, बारीक तडे गेलेला. नवा भरलेला रंग गुळगुळीत असतो, कडेवर ओघळलेला दिसतो, कधी त्यात हवेचे बुडबुडेही असतात. काटे आणि डायल यांच्या छटेत थोडा फरक असणं मात्र दोष नाही, कारण दोन्हींवरचं मिश्रण बऱ्याचदा वेगळं असे.

रेडियमच्या घड्याळात डायलच साक्ष देते. घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं असेल, तर काट्याखाली तपकिरी डाग उमटतो. काटे फिरवून बाजूला घ्या आणि डागाचा आकार बघा. डाग रुंद आणि वरचा काटा बारीक, तर काटा बदललेला. अशा काट्यांवरची पूड घरी खरवडू नका, ती श्वासातून जाणं धोक्याचं आहे.

लांबीही बघा. मिनिट काट्याचं टोक मिनिटांच्या रेघांना भिडायला हवं. मधला क्रोनो काटा, म्हणजे स्टॉपवॉचचा सेकंद काटा, बाहेरच्या बारीक रेघांपर्यंत जायला हवा, अलीकडे थांबणारा काटा बहुतेक दुसऱ्या घड्याळाचा. डायल फुगीर असेल तर पुष्कळ जुन्या क्रोनोग्राफमध्ये त्याचं टोक किंचित खाली वाकवलेलं असे.

शेवटी बटणं दाबून बघा. क्रोनो सुरू करा, थांबवा, शून्यावर आणा. निरनिराळ्या जागी थांबवून असं दहा वेळा. शून्यावर येताना हॅमर, म्हणजे मशीनमधली छोटी हातोडी, हृदयाच्या आकाराच्या कॅमवर (चकतीवर) जोरात आपटते आणि तो झटका काटा ज्या नळीने दांड्यावर बसतो तिला सोसावा लागतो. दुसऱ्या मशीनचा काटा भोक वाढवून किंवा गोंद लावून बसवलेला असेल, तर तो झटक्यासरशी सरकतो. दर वेळी सारखाच अर्धी रेघ चुकत असेल तर काटा नुसता तिरपा बसवलाय, ते दुरुस्त होतं. दर वेळी वेगळ्याच जागी थांबत असेल तर पैसे देऊ नका.

नव्याने रंगवलेल्या डायलच्या घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव अशा कामाला चिकटावं याचं वाईट वाटतं. त्या डायलवर तर काट्यांचा डाग आणि जुनी चमक दोन्ही पुसलेली असतात, म्हणजे ताडून बघायला काही उरतच नाही.

आणि स्वतःचं चांगलं घड्याळ सर्व्हिसिंगला देताना काट्यांचे जवळून फोटो काढून ठेवा. ‘काटे बदलू नका, बदललेच तर जुने परत द्या’ हे पावतीवर लिहून घ्या. अस्सल काटे पुष्कळदा तिथूनच गायब होतात.