वॉकीटॉकी घेताना बॅटरी काढून बघा

ठाणे-नवी मुंबईत सध्या सोसायट्या, उत्सव मंडळं, केटरर्स, सगळेच वॉकीटॉकी घ्यायला लागलेत आणि त्यात एक फसवणुकीचा धंदा जोरात चाललाय. आमच्या शूटिंग क्लबला त्याचा चटका बसला. मी क्लबची खजिनदार, त्यामुळे चेकवर सही माझी. तक्रार चालू आहे म्हणून दुकानाचं नाव देत नाही, पण पद्धत कळली तरी पुरे.

आमची रेंज शिळफाट्याच्या पुढे. दहा मीटरचा एअर रायफलचा हॉल लहान, तिथे आवाज दिला की भागतं. खरी गरज 50 मीटरच्या उघड्या रेंजवर. तिथे पॉइंट टू-टू (.22) रायफलीची फायरिंग चालते, सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ असतात, आणि कागदी टार्गेट बदलायला पोरं पुढे जातात. ती सगळी परत आली, पुढे कोणी राहिलं नाही, हे टार्गेटच्या बाजूच्या माणसाने फायरिंग लाइनवरच्या रेंज ऑफिसरला सांगितल्याशिवाय ‘लोड’ म्हणता येत नाही. इतके दिवस हे हातवारे आणि शिट्टीवर चालायचं. जिल्हा पातळीची स्पर्धा घ्यायची ठरली तेव्हा सेट घेऊ या असं कमिटीत ठरलं.

वाशीतला एक डीलर स्वतः रेंजवर येऊन डेमो देऊन गेला. आवाज गेटपासून टार्गेटच्या भिंतीमागेपर्यंत स्वच्छ. “लायसन्स लागत नाही मॅडम, 446 चे आहेत,” म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. भारतात 2018 च्या नियमांनुसार 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात, फक्त त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या बिनतारी शाखेची मान्यता हवी, जिला सगळे ईटीए म्हणतात. त्याचा कागदही त्याने दाखवला. मॉडेलचं नाव आणि फोटोसकट कोटेशन व्हॉट्सॲपवर पाठवलं. “पोलीससुद्धा हेच वापरतात” हेही वर ऐकवलं. पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेला स्वतःच्या राखीव फ्रिक्वेन्सी असतात, लायसन्स-फ्री खेळण्यांवर बंदोबस्त चालत नाही. त्यामुळे हे वाक्य ज्या दुकानात ऐकाल तिथून चहा न घेता उठा.

पुढच्या आठवड्यात रेट वाढणार म्हणून पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. माल आला तो सीलबंद खोक्यांत. तोच काळा रंग, तसाच आकार, तेवढंच वजन. बिलावर मात्र मॉडेलचं नाव नाही, नुसतं ‘इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरीज’. विचारलं तर म्हणे, सिस्टममध्ये तसंच पडतं.

स्पर्धेच्या सकाळी दोन गोष्टी झाल्या. पहिली हेडसेटची. “बटण दाबायला नको, बोललं की आपोआप सुरू होतं, रेंजसाठी एकदम फिट,” असं सांगून त्याने जास्तीचे पैसे लावून व्हॉक्सवाले हेडसेट माथी मारले होते. व्हॉक्स म्हणजे मोठा आवाज झाला की माइक स्वतःच उघडतो. पॉइंट टू-टू रायफलीचा आवाज नळीजवळ 140 डेसिबलच्या आसपास जातो. तेव्हा माइक कोणाच्या आवाजाने उघडणार, ते सांगायला नको. दर गोळीला रेंज ऑफिसरचा सेट ऑन, पुढचे दोन-तीन सेकंद चॅनल अडकलेला, आणि टार्गेटकडचा माणूस तिकडून बोलतोय ते कोणालाच ऐकू नाही. शिवाय इअरपीसची नळी मफच्या गादीखालून जात असल्याने तिथे फट राहायची आणि मफचा निम्मा उपयोग वाया. आम्ही ते हेडसेट तिथल्या तिथे काढून ठेवले.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची. मॅच ऐन रंगात असताना सेटमधून आवाज आला, “बी विंगचा टँकर आत घेतो, बॅरियर उघड.” बराच वेळ त्या सोसायटीचं पाणी, पार्किंग, कोणाचं तरी झोमॅटो, सगळं आमच्या रेंजवर. डीलरने “प्रायव्हसी कोड टाकून दिलाय, बाहेरचा कोणी ऐकूच शकत नाही” असं छातीठोक सांगितलं होतं. या कोडने काहीही गुप्त होत नाही. तो बोलण्याबरोबर जाणारा एक बारीक सूर असतो. ज्या सेटवर दुसरा कोड लावलाय, तो आवाज बंद ठेवतो, एवढंच. कोड न लावलेल्या सेटवर सगळं ऐकू येतं, आणि दोघं एकाच वेळी बोलले तर कोड असो-नसो, एकमेकांचं बोलणं मारलं जातं. त्या सोसायटीचा आणि आमचा चॅनलही एक आणि कोडही एक, म्हणजे त्यांना सेट कोणी विकले असतील याचा अंदाज मी बांधला आहे.

आमच्या एका शूटरच्या वडिलांकडे हौशी रेडिओचं लायसन्स आहे. ते दुसऱ्या दिवशी फ्रिक्वेन्सी काउंटर घेऊन आले. सेट शेजारी धरून बटण दाबलं तर आकडा 462.5625 मेगाहर्ट्झ. हा अमेरिकेतल्या घरगुती वॉकीटॉकीचा पहिला चॅनल. तिथे तो मोकळा आहे, इथे परवान्याशिवाय बेकायदेशीर. 446 च्या पट्ट्यात पहिला चॅनल 446.00625 ला असतो. काकांनी मग बॅटरी काढली. आत ईटीए नंबरचं चांदीच्या रंगाचं स्टिकर, जरासं तिरकं. नखाने कोपरा उचलला तर खाली कारखान्याचं मूळ लेबल, वेगळंच मॉडेल, आणि अमेरिकेच्या एफसीसीचा, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाचा शिक्का. स्टिकरवरचा नंबर दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर टाकला, तर तो डेमोला आणलेल्या मॉडेलचा निघाला. म्हणजे नंबर खरा, पण दुसऱ्याचा.

एक खूण तर मेनूतच होती. चॅनल 22. अमेरिकन सेटचे चॅनल 22 असतात, 446 च्या साध्या ॲनालॉग सेटचे 8 किंवा 16. “दहा किलोमीटर रेंज” ही खोक्यावरची ओळही तशीच. अर्ध्या वॉटचा सेट इमारतींच्या गर्दीत अर्धा-एक किलोमीटर गेला तरी खूप.

डीलरचं पहिलं उत्तर, “सगळे असेच वापरतात, कोण तपासतंय?” तपासतात. 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशाच वॉकीटॉकींसाठी मोठमोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या आणि विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आमच्यासारख्या, शस्त्रांच्या नोंदी ठेवणाऱ्या जागेत तर असा सेट सापडणं परवडणारं नाही. दुसरं उत्तर जास्त धूर्त होतं, “हे सेट आमचे नाहीतच, बिल बघा.” तेव्हा त्या ‘ॲक्सेसरीज’चा अर्थ लागला. आमच्या बाजूने उभं राहिलं ते व्हॉट्सॲपवरचं कोटेशन आणि माल उघडताना काढलेले सिरीयल नंबरचे फोटो. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, त्यातून काही झालं नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून अर्ज टाकला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.

नवे सेट आम्ही दुसरीकडून घेतले. पैसे देण्याआधी दुकानातच बॅटरी काढली, नंबर पोर्टलवर लावला, बिलात मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घेतले. व्हॉक्स कायमचं बंद. आणि ‘स्टॉप’ची आज्ञा रेडिओवर सोडलेलीच नाही, त्याला बझर आणि लाल झेंडाच. जुन्या डीलरचा परवा मेसेज आला. तक्रार मागे घेतली तर तेच सेट एक्सचेंजमध्ये घेऊन डिजिटल देतो, फक्त वरचा फरक भरा. त्याचाही स्क्रीनशॉट अर्जाला जोडला आहे.