बॉस जीटी-१ : ढोलकाच्या शेजारी टिकणारा ओव्हरड्राइव्ह

माझं दुकान मोटर रिवाइंडिंगचं. वरुड तालुका म्हणजे संत्र्याच्या बागा, बागा म्हणजे विहिरी आणि बोअर, आणि एप्रिल-मे म्हणजे जळालेल्या मोटरींची रांग. नेमका तोच आमच्या भीमगीतांच्या पार्टीचाही सीझन. १४ एप्रिलला सुरू होतो तो बुद्धपौर्णिमेपर्यंत. दिवसा तांब्याची तार, रात्री गिटारची. पार्टीत आम्ही सहा जण: एक गायक, एक गायिका, ढोलक, ऑर्गन, ऑक्टोपॅड आणि मी.

चार वर्षांपूर्वी नागपूरच्या एका कॉलेजच्या पोराकडून बॉस कंपनीची जीटी-१, म्हणजे गिटारचे बरेच इफेक्ट एकत्र असलेली पायाने चालवायची पेटी, सेकंडहँड घेतली. तिच्याबद्दल लिहायचं ते मुख्यतः ओव्हरड्राइव्हबद्दल, कारण घेतली त्यासाठीच. गाण्याच्या दोन कडव्यांमधला म्युझिक पीस गिटारवर वाजवायचा, तर नुसता कोरा आवाज ऑर्गनखाली दबतो. त्याला थोडी धार लागते, सूर लांब धरता यावा लागतो. ते काम ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा फोडणाऱ्या इफेक्टचं.

पहिल्या कार्यक्रमात जे झालं ते आधी सांगतो. घरी हेडफोनवर तीन रात्री बसून पॅच (पेटीत साठवून ठेवायची आवाजाची जुळणी) बनवला होता. कानात अप्रतिम वाटत होता. स्टेजवर पहिला पीस वाजवला आणि ढोलकवाले काका माझ्याकडे वळून पाहायला लागले. मध्यंतरात म्हणाले, "बाबू, हे का वाजवून राहिला तू? बेअरिंग गेलेल्या मोटरीवानी येऊन राहिला आवाज."

मोटरीच्या बेअरिंगचा आवाज मला रोज ऐकू येतो. काकांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. वर कर्कश घरघर, खाली पोकळ, आणि मधे काहीच नाही. पेटीत काही दोष नव्हता. चुका माझ्याच होत्या, आणि तिन्ही अशा की मॉडेलिंगवाली, म्हणजे खऱ्या अॅम्प-पेडलची नक्कल करणारी, कुठलीही पेटी घेणारा नवा माणूस त्या करतोच. म्हणून हे सविस्तर लिहितो.

पहिली चूक आउटपुट सिलेक्टची. जीटी-१ ला विचारायचं असतं की तू कशात लावलेली आहेस: गिटारच्या अॅम्पमध्ये की सरळ मिक्सरमध्ये. मिक्सर किंवा हेडफोन असेल तर तिथे 'लाइन/फोन्स' हवं. माझ्याकडे ते एका अॅम्पवर होतं, कारण मधल्या काळात मित्राच्या अॅम्पवर वाजवताना मी ते बदललं आणि परत फिरवलं नाही. अॅम्पवर असलं की पेटी स्वतःचं स्पीकर सिम्युलेशन लावत नाही, ती धरून चालते की पुढे खरा गिटार स्पीकर आहे. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने गळतो, आणि डिस्टॉर्शनचा, म्हणजे आवाज फुटण्याचा, सगळा कचरा त्याच्या वरच असतो. आपल्या साउंडवाल्याच्या टॉपला (वरच्या स्पीकर बॉक्सला) मात्र हॉर्न असतो. तो वरचं सगळं इमानदारीने बाहेर फेकतो. ती घरघर तीच.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची, आणि ती समजायला मला अख्खा पावसाळा लागला. मी प्रीअॅम्प ठेवला होता जेसी-१२०, म्हणजे रोलँडच्या १९७५ च्या त्या स्वच्छ अॅम्पचं मॉडेल. का, तर वाटलं की अॅम्प जितका स्वच्छ तितका पेडलचा आवाज शुद्ध. त्यावर टी-स्क्रीम हा पेटीतला ओव्हरड्राइव्ह लावला आणि त्याचा ड्राइव्ह, म्हणजे आवाज किती फोडायचा ते, ८० पर्यंत चढवला. डिस्टॉर्शन सगळं पेडलनेच करायचं, असा माझा समज होता.

ओव्हरड्राइव्ह पेडल त्यासाठी जन्मालाच आलेलं नाही. टी-स्क्रीम ज्याच्यावर बेतलाय त्या आयबानेझ टीएस-८०८ चं सर्किट मी कागदावर काढून पाहिलं. तेवढं मला कळतं. ऑप-अॅम्पच्या (आवाज वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये दोन डायोड समांतर, पण एकमेकांच्या उलट दिशेने बसवलेत. सिलिकॉन डायोड अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या आसपास वाहायला लागतो. लाट त्याच्या वर गेली की डायोड तिला दाबतात, पण कापत नाहीत, कडा गोल करतात, आणि मूळ कोरी लाटही त्याच्या सोबत पुढे जाते. शिवाय त्या सर्किटमध्ये ७०० हर्ट्झच्या खालचा भाग डायोडपर्यंत कमीच पोचतो. म्हणजे खर्ज फारसा डिस्टॉर्ट होत नाही, मधला पट्टा पुढे येतो. हे सगळं एवढ्यासाठी की पुढचा व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा) अॅम्प, जो आधीच फुटायच्या काठावर उभा आहे, त्याला गढूळ न करता धक्का द्यावा. अर्धा आवाज पेडलचा, अर्धा अॅम्पचा. मी अॅम्पचा अर्धा भागच काढून टाकला होता.

आता मी उलट्या बाजूने सुरू करतो. पेडल बंद. प्रीअॅम्प 'ट्वीड' (फेंडरच्या चार गुणिले दहा बासमनचं मॉडेल) किंवा 'व्हीओ ड्राइव्ह' (व्हॉक्सचा एसी-३०). गेन (अॅम्पमध्ये आवाज किती जोराने ढकलायचा ते) हळूहळू वाढवत न्यायचा. हलक्या हाताने तार छेडली तर स्वच्छ, जोरात मारली तर किंचित खरखरली पाहिजे. ती जागा सापडेपर्यंत बाकी कशालाही हात लावायचा नाही. मला ही जागा एकदा सापडली त्या रात्री मी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोन तास नुसता एकच पीस वाजवत बसलो. बोटाच्या जोरावर आवाज बदलतो, हे मी तोवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, स्वतःच्या हाताखाली पहिल्यांदा घडत होतं.

मग टी-स्क्रीम चालू. ड्राइव्ह १५, लेव्हल ७५, टोन शून्याच्या जरा खाली. ड्राइव्ह एवढा कमी पाहून कुणीही म्हणेल की काय उपयोग. पण पेडल चालू केल्याबरोबर सूर घट्ट होतो, पुढे येतो, लांब टिकतो. आणि खर्ज आपोआप आवरतो. आमच्यासाठी ही गोष्ट फार मोलाची, कारण तिथे ढोलकाची धुम असते. गिटारने तिची जागा अडवली की काका नाराज होणार आणि गाणंही बसणार नाही.

ऱ्हिदमसाठी मी पेटीतलाच दुसरा ओव्हरड्राइव्ह, ओडी-१, वापरतो. मूळ ओडी-१ बॉसने १९७७ साली काढलं. दोनच बटणं होती त्याला. त्यात डायोड सारखे नाहीत, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक. लाटेचा वरचा डोंगर आणि खालची दरी वेगवेगळ्या उंचीवर दबतात. कानाला ते जरा खडबडीत, मोकळं लागतं. तुकड्या-तुकड्याने कॉर्ड मारताना, ऑक्टोपॅडसोबत, मला तेच बरं वाटतं. टी-स्क्रीम तिथे नाकातून बोलल्यासारखा येतो. क्लीन बूस्ट, म्हणजे आवाज न फोडता नुसता वाढवणारा प्रकार, लोक वापरत नाहीत, पण अॅम्प काठावर असेल तर कित्येक गाण्यांत एवढंच पुरतं. डिस्टॉर्शन आणि फझचे बाकी प्रकारही पेटीत भरपूर आहेत. भीमगीतांत मला ते कधी लागले नाहीत, म्हणून त्यांच्यावर मत देत नाही.

तिसरी चूक हेडफोनची. कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि वरचा भाग कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ सालीच मोजून मांडलं होतं. म्हणून रात्री हळू आवाजात आपण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, आणि तोच पॅच मंडपात मोठ्या आवाजात लावला की दोन्ही टोकं अंगावर येतात, मधला सूर गायब. आता मी पॅच घरी फक्त जुळवतो, पक्का करत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी साउंडवाल्या भावाच्या ट्रॉलीमागे पोचायचं, चहा घ्यायचा, आणि त्याला सांगायचं, "भाऊ, माह्या चॅनलचे सगळे नॉब मधात ठेवा, अन् एक टॉप मोकळा वाजू द्या दहा मिनिटं." पंधरा-वीस पावलं दूर जाऊन ऐकायचं. इक्यूमध्ये लो कट (त्याच्या खालचं कापायचं) १०० हर्ट्झ, हाय कट (त्याच्या वरचं कापायचं) ६.३ किलोहर्ट्झ, तरी बोचत असेल तर ५. हाय कटला लोक घाबरतात, आवाज बुजेल म्हणून. खरा गिटार स्पीकर याहून वेगळं काय करतो?

आता पेटीचं ते वैशिष्ट्य, ज्याच्यासाठी मी ती कुणालाही देणार नाही. तिच्यात चार पेन्सिल सेल बसतात आणि चांगल्या अल्कलाइन सेलवर ती साधारण सात तास चालते. शहरातल्या वादकाला हे किरकोळ वाटेल. आमच्याकडे मंडप कुठे जनरेटरवर, कुठे कुणाच्या घरातून ओढलेल्या वायरवर चालतो. अर्थिंग कागदावरही नसते. अॅडाप्टर लावला की हमिंग सुरू, आणि ओव्हरड्राइव्ह चालू केला की ते हमिंगही दुप्पट वाढतं, कारण पेडल सुरात आणि घोंघाटात फरक करत नाही. बरेच वादक मग नॉइज सप्रेसर (बारीक आवाज बंद करणारा इफेक्ट) चढवतात आणि लांब धरलेल्या सुराची शेपटी कापून टाकतात. सेलवर चालवली की पेटी मेनपासून सुटते, आणि आमच्या मंडपांमध्ये तरी बहुतेक वेळा हमिंग इतकं उतरतं की सप्रेसरला हात लावावा लागत नाही. मी रोज लाइनचेच आजार पाहतो, तरी हे सोपं औषध लक्षात यायला मला दोन सीझन लागले. जवळ आठ सेल ठेवतो. चार आत, चार खिशात.

वजन सेलसकट सव्वा किलोच्या थोडं वर. गिटार पाठीवर, पेटी डिकीत, मोटरसायकल निघाली. व्हॉल्व्हचा खरा अॅम्प मी एकदाच ऐकलाय, नागपूरच्या एका स्टुडिओत. तो आवाज ऐकताना पोटात हलतं, ते या पेटीतून येत नाही. विशेषतः सूर संपत येताना खरा अॅम्प जसा हळूहळू स्वच्छ होत जातो, तिथे मॉडेल थोडं घाई करतं. पण तो अॅम्प घेऊन मी मोर्शीच्या पुढच्या कच्च्या रस्त्याने जाऊ शकत नाही, आणि व्हॉल्व्ह गेला तर इथे मिळणारही नाही.

पेटीत बाहेरचे स्पीकर आयआर, म्हणजे खऱ्या स्पीकरचा आवाज मोजून बनवलेल्या फाइल, टाकता येत नाहीत. नव्या, महाग पेट्यांत ती सोय असते. स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचं असेल तर त्याकडे जरूर बघा. मंडपातल्या हॉर्नसमोर हाय कट नीट लावला तर मला तरी उणीव भासली नाही. स्क्रीन लहान आहे, वय झालेल्या डोळ्यांना त्रास होतो, म्हणून मी पॅच कॉम्प्युटरवर टोन स्टुडिओ या बॉसच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतो आणि स्टेजवर फक्त पायाने बदलतो.

आणखी एक, ज्यात पेटीचा काही संबंध नाही. गिटारचा व्हॉल्यूम नॉब वापरा. मी गाणं चालू असताना तो ६ वर ठेवतो, ओव्हरड्राइव्ह चालूच. गायिकेच्या मागे आवाज जवळजवळ कोरा राहतो. पीस आला की करंगळीने १० वर. अॅम्पचा गेन काठावर असेल तरच हे जमतं, ८० ड्राइव्हवर नॉब फिरवून नुसता आवाज कमी-जास्त होतो, पोत बदलत नाही. यंदा चौदा एप्रिलला आमच्या गायिकाताईंनी पहिल्या गाण्यानंतरच विचारलं, "दादा, आज ऑर्गन दोन आहेत का जी?" पीस मी वाजवला होता.

सेकंडहँड घेणार असाल तर सेलचा कप्पा उघडून बघा. जुने सेल पाझरून पत्त्या हिरव्या झाल्या असतील तर भाव पाडा किंवा सोडून द्या. एक्स्प्रेशन पेडल पूर्ण खाली दाबून आवाज शेवटपर्यंत जातो का ते ऐका. आणि वरुडकडे आलात तर माझ्या दुकानात येऊन वाजवून बघा, पेटी तिथेच असते. फक्त रात्री आठनंतर या, दिवसा शेतकरी मोटर घेऊन उभे असतात.