‘मोफत केस रिव्ह्यू’: तीन वर्षं आठ महिने आणि शेवटी एक पत्र

पाचपैकी दोन तारे. एक तारा पहिल्या दिवशी फोनवर बोललेल्या मुलीच्या चांगल्या वागण्यासाठी, दुसरा त्यांनी खरोखरच एक डॉलरही घेतला नाही यासाठी. वकिलांच्या त्या ऑफिसचं नाव लिहीत नाही. इथे अमेरिकेत तशी ऑफिसं पुष्कळ आहेत आणि मला सांगायचंय ते या सेवेविषयी: ‘गरोदरपणात डिप्रेशनची गोळी घेतली होती? बाळाला जन्मतः दोष आहे? नुकसानभरपाईचा हक्क असू शकतो, मोफत केस रिव्ह्यूसाठी आजच फोन करा.’ आमच्या मंडळातल्या दोघीतिघींनी मला याबद्दल विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला आलो २००३ साली. माझा व्हिसा एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळणारा; तेव्हा त्यावर नोकरीची परवानगी नव्हती. २००४ च्या जानेवारीत सांगलीला बाबा गेले आणि व्हिसाच्या कागदांपायी मला जाता आलं नाही. पुढचा हिवाळा मी जवळजवळ अंथरुणात काढला. डॉक्टरांनी सर्ट्रालीन ही डिप्रेशनची गोळी सुरू केली, रोज ५० मिलिग्रॅम. दोन महिन्यांत मी परत पोळ्या लाटायला लागले, फोनवर आईशी हसून बोलायला लागले. २००५ च्या जूनमध्ये दिवस राहिल्याचं कळलं, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांनी बसून विचार केला आणि गोळी चालूच ठेवली. तो निर्णय माझ्यासमोर, मला विचारून झाला होता. हे मी पुढे कित्येक वर्षं विसरले.

मुलगी फेब्रुवारी २००६ ची. दोन आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज ऐकू आला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. दूध पिताना तिचं डोकं घामाने भिजायचं, दहा मिनिटांत दमून झोपायची, वजन वाढेना. पाचव्या महिन्यात ऑपरेशन झालं, भोकावर ठिगळ लावलं. आता ती एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात आहे, आणि वर्षाआड एकदा इको करायला जाते, तेवढंच.

पण तेव्हा घरात प्रश्न एकच होता: असं का झालं? २००५ च्या ऑक्टोबरात सूर्यग्रहण होतं. सासूबाईंनी मिरजेहून आधीच बजावलं होतं की त्या वेळात सुरी हातात धरू नकोस. ते ग्रहण न्यू जर्सीत दिसणारसुद्धा नव्हतं, मी काही पाळलं नाही. ऑपरेशननंतर त्यांनी विचारलं, ‘त्या दिवशी काही चिरलं होतंस का गं?’ मी नाही म्हटलं. मनात मात्र मी दुसरंच नाव घेत होते, गोळीचं. सहा वर्षांनी टीव्हीवर ती जाहिरात लागली आणि मला वाटलं, मी जे कुणाला सांगत नव्हते ते आता टीव्हीसुद्धा सांगतोय.

सप्टेंबर २०१२ मध्ये फोन केला. पलीकडच्या मुलीने चाळीस मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं. मी रडले तेव्हा थांबली. मग प्रश्न: कोणती गोळी, किती आठवडे, पहिल्या तीन महिन्यांत घेत होतात का, आणि ब्रँडची की जेनेरिक? हा शेवटचा प्रश्न मला क्षुल्लक वाटला होता. तो नसतो. जेनेरिक बनवणाऱ्या कंपनीला मूळ कंपनीचंच लेबल शब्दशः छापावं लागतं, त्यामुळे इशारा नीट दिला नाही म्हणून तिच्यावर राज्याच्या कायद्याखाली दावा लावता येत नाही, असा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा २०११ चा निकाल आहे. सर्ट्रालीनची जेनेरिक २००६ मध्ये आली. माझं गरोदरपण त्याआधीचं, म्हणून माझी केस ‘चालणारी’. पुरावा म्हणून फार्मसीची नोंद हवी होती. आमची कोपऱ्यावरची फार्मसी बंद पडली होती, तिच्या फायली दुसऱ्या दुकानाकडे गेलेल्या. तीन आठवडे हेलपाटे घालून अकरा पानं मिळवली.

त्याच फोनमध्ये तिने एक वाक्य सांगितलं: ‘अशा दाव्यांत याआधी कुटुंबांना मोठ्या रकमा मिळाल्या आहेत.’ ते खोटं नव्हतं. पण ती गोळी वेगळी होती, पॅरॉक्सेटीन. तिच्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, इशारा दिला, गरोदरपणातल्या धोक्याच्या वर्गवारीत तिला सी वरून डी मध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या गटात टाकलं. स्वीडनच्या जन्मनोंदणीतून दिसलं होतं की पहिल्या तिमाहीत ती घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये हृदयाचे दोष शंभरात सुमारे दोन, एरवी शंभरात एक. २००९ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्युरीने, ती गोळी बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने एका कुटुंबाला पंचवीस लाख डॉलर द्यावेत असा निकाल दिला, आणि पुढच्या वर्षी आठशेहून अधिक दावे मिटवायला कंपनी एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम देणार असल्याच्या बातम्या आल्या. त्या कुटुंबांचं म्हणणं कोर्टापुढे उभं राहू शकलं, कारण त्याच्यामागे काहीतरी मोजलेलं होतं. माझ्या गोळीचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. ‘डिप्रेशनची गोळी’ या दोन शब्दांत त्यांनी दोन वेगळी औषधं एकत्र बांधली.

करारनामा टपालाने आला. जिंकलो तर चाळीस टक्के वकिलांचे, खर्च वेगळा, हरलो तर काही नाही. न्यू जर्सीत अल्पवयीन मुलाच्या दाव्यात खटला उभा राहण्याआधी तडजोड झाली तर वकिलाचा वाटा पंचवीस टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा कोर्टाचा नियम आहे, हे मला फार नंतर कळलं. आम्ही दोघांनी सह्या केल्या.

मग बावीस पानांची प्रश्नावली. सिगारेट, दारू, आधीचे गर्भपात, घराण्यात कुणी आत्महत्या केली आहे का, नवराबायकोचं रक्ताचं नातं आहे का, फॉलिक ॲसिड कोणत्या तारखेपासून घेतलं. हे प्रश्न लागतात, समोरचे वकील तेच विचारणार. पण रात्री जेवणाच्या टेबलावर ते भरताना माझा नवरा उत्तरं लिहीत होता आणि मी सांगत होते, आणि प्रत्येक ‘नाही’ नंतर गोळी तेवढी उरत होती. त्या आठवड्यात मी गोळी बंद केली. डॉक्टरांना न विचारता, नवऱ्यालाही न सांगता. तेव्हा मी गरोदरही नव्हते. ज्या वस्तूमुळे लेकीची छाती उघडावी लागली ती तोंडात घालवेना, इतकंच. जानेवारीत मी परत अंथरुणात गेले. सात वर्षांची पोर शाळेतून येऊन स्वतः दूध गरम करून घ्यायची. नवऱ्याने पाच आठवडे सुट्टी काढली. त्या ऑफिसच्या एकाही कागदावर ‘चालू असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका’ ही ओळ नव्हती. एक ओळ. छापायला किती शाई लागते?

त्यानंतर शांतता. मी फोन केला की नवीन माणूस, नवीन नाव, ‘प्रकरण चालू आहे’. चार वर्षांत माझी फाइल चार जणांच्या हातांतून गेली. प्रत्यक्षात काय चालू होतं ते मी बातम्यांत वाचत होते. सर्ट्रालीनचे, म्हणजे झोलॉफ्टचे, देशभरचे फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टांतले दावे २०१२ मध्ये फिलाडेल्फियात न्यायाधीश सिंथिया रूफ यांच्यापुढे एकत्र आणले होते. जून २०१४ मध्ये त्यांनी कुटुंबांच्या बाजूच्या मुख्य तज्ज्ञांची साक्ष नाकारली. सोयीचे अभ्यास घेतले आणि गैरसोयीचे बाजूला ठेवले, असा त्यामागचा आक्षेप होता. त्याच महिन्यात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये साडेनऊ लाख गरोदरपणांचा अभ्यास आला. त्यातल्या चौसष्ट हजारांहून अधिक बायकांनी पहिल्या तिमाहीत अशा गोळ्या घेतल्या होत्या. नैराश्य आणि बाकीचे फरक हिशेबात धरल्यावर हृदयदोषांत म्हणण्याजोगी वाढ उरत नव्हती. २०१५ मध्ये राज्यांच्या कोर्टांत दोन खटले ज्युरीपुढे गेले, सेंट लुईस आणि फिलाडेल्फिया, दोन्ही झोलॉफ्टच्या कंपनीने, फायझरने, जिंकले. एप्रिल २०१६ मध्ये रूफ यांनी तीनशेहून अधिक दावे एकत्रच निकालात काढले. पुढच्या वर्षी अपील कोर्टानेही तेच कायम केलं.

यातली एकही गोष्ट ऑफिसने मला कळवली नाही. मे २०१६ मध्ये दीड पानाचं पत्र आलं: यापुढे आम्ही आपलं प्रतिनिधित्व करणार नाही. दुसऱ्या परिच्छेदात होतं की आपला दावा कोर्टात दाखल केलेला नव्हता. तीन वर्षं आठ महिने मी समजत होते की माझ्या लेकीचं नाव कुठल्यातरी न्यायाधीशाच्या टेबलावर आहे. ते कुणाच्या तरी कपाटात होतं.

त्यांना हरल्याबद्दल मी तारे कापलेले नाहीत. विज्ञान साथ देत नसेल तर वकील काय करणार? आणि बाळांच्या बाजूने उभे राहणारे वकील असायलाच हवेत, पॅरॉक्सेटीनच्या लेबलावर जे आलं ते प्रश्न विचारल्यामुळेच आलं. मी तारे कापले ते न सांगितलेल्या गोष्टींसाठी. दर शंभर बाळांत साधारण एकाला हृदयाचा काहीतरी जन्मजात दोष असतो आणि त्यात पडद्याचं भोक सगळ्यात जास्त आढळतं, एवढं पहिल्या फोनवर कुणी सांगितलं असतं तर मी कदाचित तरीही सही केली असती. पण गोळी बंद केली नसती.

पुण्याची बहीण विचारते, आपल्याकडे असं करता येईल का. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे, पण ‘जिंकलो तर वाटा’ हा करार भारतातल्या वकिलाला करता येत नाही आणि अशी जाहिरातही करता येत नाही. ती टीव्हीवरची हाक तिकडे ऐकू येणार नाही, याचं मला बरं वाटतं.

आता दुसऱ्या सेवेविषयी, तिला पाच तारे. मदर टू बेबी. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना कोणतं औषध चालतं याची माहिती देणारी ही मोफत सेवा आहे, फोनवर, मेसेजवर किंवा चॅटवर. गेल्या वर्षी मंडळातली एक मुलगी, सातवा आठवडा, हीच गोळी, अशीच जाहिरात पाहून घाबरली आणि दोन दिवस गोळी घेतली नाही. नाशिकहून येऊन तिला जेमतेम वर्ष झालेलं. मी तिच्याकडे गेले, फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईंनी आधी औषध, डोस, आठवडा विचारला, मग विचारलं, ‘ही गोळी तुम्ही कशासाठी घेता, ती नव्हती तेव्हा दिवस कसे जायचे?’ मला २०१२ मध्ये हे कुणीच विचारलं नव्हतं. मग त्यांनी आकड्यांत सांगितलं: औषध घेतलेलं नसतानाही शंभरात सुमारे तीन बाळांना काहीतरी जन्मदोष असतो, सर्ट्रालीनवर झालेल्या बहुतेक अभ्यासांत यापेक्षा जास्त दिसलेलं नाही, शेवटच्या महिन्यांत घेतली तर काही बाळं पहिले काही दिवस जास्त किरकिरी, थरथरणारी असतात, ते बहुतेक वेळा आपोआप जातं, म्हणून प्रसूतीच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, आणि आज संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञांना फोन कराच. ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं त्या म्हणाल्या नाहीत, ते डॉक्टरांवर ठेवलं. पंचवीस मिनिटं. तिने तिथेच डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्याशी बोलून रात्री गोळी घेतली.

वकिलांकडे जायचंच असेल तर जा, हक्क आहे. फक्त गोळीचं नाव घेऊन विचारा: या औषधाबद्दल, याच दोषाबद्दल, तुमच्या हातात कोणता अभ्यास आहे? दावा कोणत्या तारखेला, कोणत्या कोर्टात दाखल होणार, आणि त्याचा क्रमांक मला कळवणार का? मूळ कागद देऊ नका, प्रती द्या. माझ्या फाइलसोबत मी ऑपरेशननंतर चौथ्या दिवशीचा तिचा फोटो दिला होता, छातीवर टाके, हातात माझं बोट. तेव्हा आमच्याकडे फिल्मचा कॅमेरा होता, निगेटिव्ह घर बदलताना हरवली. दोनदा पत्र पाठवून तो मागितला. अजून आलेला नाही.